आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत होते (१९४१ ते ४६), त्यांची नोकरी कुठे कुठे झाली हे कसं शोधायचं?

देवगडचा_नातू
नमस्कार मंडळी. वडिलांचे वडील लढाईच्या काळात नेव्हीत होते एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं, आणि वडिलांच्या पिढीलाही फार काही सांगितलेलं नाही त्यांनी. गावच्या घराची कौलं काढायची होती म्हणून माळ्यावरचं सगळं सामान खाली आणलं तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची कागदं मिळाली, म्हणून हा धागा.

मिळालं ते असं. एक जाड कागदाचं सर्टिफिकेट, चार घड्या घातलेलं, घडीवर फाटायला आलेलं. त्यावर रकाने आहेत आणि जहाजांची नावं शाईने लिहिलीत: बहादूर ऑगस्ट १९४१ पासून, मग डलहौसी ऑक्टोबर १९४२ पासून, मग जमना जून १९४३ ते फेब्रुवारी १९४५, मग हिमालया, आणि सप्टेंबर १९४५ पासून परत डलहौसी, जुलै १९४६ ला संपलं. प्रत्येक ओळीपुढे व्ही.जी. असं लिहिलंय आणि सही. मागच्या बाजूला उंची, रंग, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण असं वर्णन आहे. आमच्याकडे त्यांचा तरुणपणचा एकच फोटो आहे आणि त्यात तो व्रण दिसत नाही, त्यामुळे ती ओळ वाचताना मला कसंतरीच झालं.

दोन पदकं आहेत, एक सहा टोकांचा स्टार ज्यावर बर्मा असं वाचता येतं आणि एक गोल. शिवाय एक ग्रुप फोटो, टोपीच्या पट्टीवर फक्त एच.एम.आय.एस. एवढंच, पुढे जहाजाचं नावच नाही.

घरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे त्यांची बोट बुडाली होती आणि ते पोहून वाचले. दुसरी म्हणजे ते सेहेचाळीसच्या बंडात होते आणि म्हणून त्यांना काढलं आणि पेन्शन मिळाली नाही. दोन्ही खरं की नाही ते मला शोधायचंय. डलहौसी नावाची युद्धनौका बुडाली का म्हणून शोधलं तर काही सापडत नाही. एका परदेशी वेबसाइटवर भारतातले जुने रेकॉर्ड आहेत म्हणतात, तिथे पैसे भरून मेंबर व्हावं का? आणि अजून एक, कागदावर आमचं आडनावच नाहीये, फक्त त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, मग हा कागद त्यांचाच हे सिद्ध तरी कसं करणार? जाणकारांनी कृपया मदत करावी. वडील आता थकलेत, त्यांना हे कळावं अशी फार इच्छा आहे.

निवृत्त_टेलिग्राफिस्ट
अहो तुमच्या हातात सोनं आहे. बहुतेक लोक येतात ते "आजोबा नेव्हीत होते" एवढ्यावर, कागद एकही नसतो. तुम्ही जे सर्टिफिकेट म्हणताय ते सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिस, खलाशाची सगळी नोकरी त्या एका कागदावर असते. मी नौदलातच होतो, कम्युनिकेशन ब्रँचला, आमच्याकडेही पुढे हीच पद्धत चालू राहिली म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, एच.एम.आय.एस. लागलं म्हणजे जहाजच असं नाही. नौदलात जमिनीवरच्या बराकीलासुद्धा जहाजाचंच नाव देतात आणि तिथे पोस्टिंग असलेला माणूस कागदोपत्री "जहाजावर" असतो. तुमच्या यादीतली बहादूर म्हणजे कराचीचं पोरांचं ट्रेनिंग, म्हणजे आजोबा बॉय म्हणून भरती झाले, मिसरूड फुटायच्या वयात. हिमालया पण कराचीलाच, तोफखान्याची शाळा, म्हणजे त्यांची शाखा गनरीची असण्याची शक्यता बरीच आहे, सर्टिफिकेटवर पदाच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट बघा. आणि डलहौसी म्हणजे मुंबईचा डेपो, फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्स, जिथे जुना बॉम्बे कॅसल होता तिथे. १९५१ साली तिचं नाव आयएनएस आंग्रे झालं, आजही आहे. एका जहाजावरून उतरलेला माणूस पुढचं पोस्टिंग येईपर्यंत डेपोत, म्हणून प्रत्येकाच्या कागदावर डलहौसी परत परत येते. ती बुडाल्याचं तुम्हाला सापडणार नाही, कारण ती दगडी इमारत आहे.

खरं जहाज एकच, जमना. आणि काय जहाज मिळालंय आजोबांना! स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका होती, स्कॉटलंडला डंबार्टनला बांधलेली, १९४१ ला नौदलात आली. तुमचे आजोबा जून १९४३ ला चढले म्हणताय, तर १० जुलै १९४३ ला दोस्तांच्या फौजा सिसिलीला उतरल्या तेव्हा तिथे आपली दोन जहाजं होती, सतलज आणि जमना. उतरणाऱ्या फौजांच्या जहाजांना पाणबुड्या आणि विमानांपासून वाचवायचं काम. म्हणजे देवगडचा एक पोरगा भूमध्य समुद्रात होता हो, कदाचित तोफेवर. आणि तुम्ही दिलेल्या तारखेप्रमाणे फेब्रुवारी १९४५ पर्यंत त्याच जहाजावर असतील तर जानेवारी १९४५ ला आराकानच्या किनाऱ्यावर अक्याब आणि म्येबोनच्या लँडिंगला जमना आणि नर्मदा होत्या, बर्मा स्टार तिथे जुळतो. सर्टिफिकेटवर एकच ओळ दिसते पण त्या ओळीत जवळजवळ पावणेदोन वर्षांचं युद्ध आहे.

हे सगळं तुम्हाला तपशिलात वाचायचं असेल तर रॉयल इंडियन नेव्हीचा सरकारी इतिहास १९६४ साली निघालाय, स्कॅन नेटवर फुकट आहे. त्यात तुमच्या आजोबांचं नाव असणार नाही, साध्या खलाशाचं नाव कुठेच नसतं, पण जमना कुठल्या महिन्यात कुठे होती ते बरंच सापडेल, आणि सर्टिफिकेटवरच्या तारखा त्याच्याशेजारी ठेवल्या की आजोबा कुठे होते ते आपोआप कळतं. खलाशाचा शोध लावायचा असेल तर माणसापेक्षा जहाजाच्या मागे जायचं, हे माझं ठाम मत आहे.

बोट बुडाल्याची गोष्ट: जमना युद्धात बुडाली नाही, स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलात राहिली आणि पुढे सर्व्हेचं काम केलं तिने. आपली जी बुडाली त्यातली पठाण १९४० च्या जूनमध्ये मुंबईजवळ, तेव्हा आजोबा भरतीच नव्हते. इंडस ६ एप्रिल १९४२ ला अक्याबला जपानी विमानांनी बुडवली, तेव्हा ते बहादूरला कराचीत ट्रेनिंगमध्ये. म्हणजे ही दोन्ही नाहीत. पण म्हणून आजोबांनी रचून सांगितलं असं अजिबात समजू नका, सिसिलीला दोस्तांची किती जहाजं डोळ्यांदेखत बुडाली, पाण्यातून माणसं वर ओढणं हेही काम असायचं, आणि घरात गोष्ट दोन पिढ्यांतून येताना "त्यांनी बघितलं" चं "त्यांची" होतं.

टोपीवर जहाजाचं नाव नाही ते पण बरोबरच आहे. युद्ध सुरू झालं की पट्टीवरून नाव काढून टाकायचे, बंदरावर उतरलेल्या खलाशाच्या टोपीवरून कुठलं जहाज आलंय ते कोणाला कळू नये म्हणून. त्यावरून एवढं नक्की की फोटो लढाईतला आहे.

बंडाबद्दल नंतर सविस्तर लिहितो, आता जेवायला बोलावतायत.

थेम्सकाठी_सीमा
देवगडचा_नातू दादा, मी इंग्लंडमध्ये असते आणि माझ्या पणजोबांसाठी (रॉयल इंडियन मरीन, म्हणजे याच नेव्हीचं आधीचं नाव) इथल्या अर्काइव्हजमध्ये बरंच फिरलेय म्हणून पैसे भरण्याबद्दल आधी बोलते. भरू नका, निदान आत्ता तरी. त्या वेबसाइटवर भारताचे म्हणून जे रेकॉर्ड असतात ते मुख्यतः इथून तिकडे गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांचे, बाप्तिस्मा, लग्न, दफन, मृत्युपत्रं वगैरे. कोकणातल्या खलाशाचं त्यात काय असणार? तसंच लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये खलाशांची मोठी रजिस्टरं आहेत ती रॉयल नेव्हीची, आपली नेव्ही वेगळी होती, ते लोकांना कळत नाही आणि ते आठवडेच्या आठवडे तिथे शोधत बसतात. रेटिंग म्हणजे साध्या खलाशांची वैयक्तिक कागदं लंडनला आलीच नाहीत, ती तिकडेच राहिली आणि फाळणीच्या वेळी जे पाकिस्तानात गेले त्यांची तिकडे गेली.

इथे काय मिळतं तर जहाजांचं आणि धोरणांचं. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स आहेत, रीडर पास फुकट मिळतो, त्यात वॉर स्टाफच्या फाइली, ज्याला एल/डब्ल्यूएस म्हणतात, त्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी चांगल्या आहेत आणि १९४६ च्या फेब्रुवारीवरही त्यात कागद आहेत. क्यूला ॲडमिरल्टीच्या एडीएम १९९ मध्ये युद्धातले ऑपरेशनचे रिपोर्ट, सिसिलीचे तर भरपूरच. कोणाला शौर्यपदक मिळालं असेल तर लंडन गॅझेटमध्ये नाव छापून येतं आणि ते घरबसल्या फुकट शोधता येतं, आपल्या खलाशांनाही पदकं मिळालीत तेव्हा एकदा नाव टाकून बघाच, स्पेलिंग पाच प्रकारे बदलून. आणि इम्पिरियल वॉर म्युझियमच्या वेबसाइटवर रॉयल इंडियन नेव्हीचे फोटो आहेत, जहाजाच्या नावाने शोधा. तुमच्या ग्रुप फोटोच्या मागे तोफ किंवा रेलिंग दिसत असेल तर शेजारी ठेवून बघता येईल.

आडनावाचं म्हणाल तर माझ्या पणजोबांचं पण तसंच. भरती करणाऱ्याने विचारलं नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं, एवढंच, आडनाव बहुतेकांनी सांगितलंच नसेल, गावात कोण आडनाव लावत होतं तेव्हा. जिल्ह्याच्या बाबतीत पण सांभाळा. तुमचं देवगड आज सिंधुदुर्गात, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला, त्याआधी सगळं रत्नागिरी. शोधताना "रत्नागिरी" च टाकायचं. आणि सावंतवाडी, जंजिरा ही तेव्हा संस्थानं होती, तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव असू शकतं.

बाणकोट_खाडी
सगळ्यांना सलाम. माझं थोडं वेगळं आहे पण इथे लिहितो कारण आपल्याकडे "नेव्हीत होते" म्हणताना लोक दोन्ही एकत्र करतात. बाणकोट, दाभोळ, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातले बहुतेक लोक सरकारी नेव्हीत नव्हते, कंपनीच्या बोटींवर होते, म्हणजे मर्चंट. माझे आजोबा सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीवर आणि त्यांचे वडील टिंडेल, म्हणजे सारंगाच्या हाताखालचे. ज्यांच्या घरात असा शोध चालू आहे त्यांनी आधी हे ठरवावं की आपला माणूस सरकारी का कंपनीचा, कारण दोघांची कागदं पूर्ण वेगळ्या ठिकाणी.

ओळखायचं सोपं आहे. कंपनीच्या माणसाकडे नल्ली असते, नल्ली म्हणजे डिस्चार्ज बुक, छोटं पुस्तक, फोटो आणि अंगठा. तिच्यात एकेका सफरीची एकेक ओळ, बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर, कुठल्या बंदरात चढला, कुठे उतरला, काम काय, आणि शेवटी शेरा. त्यातला ऑफिशियल नंबर सगळ्यात महत्त्वाचा, बोट विकली गेली, नाव बदललं तरी तो नंबर बदलत नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडला मेरिटाइम हिस्टरी अर्काइव्ह आहे तिथे १८६३ ते १९३८ पर्यंतच्या ब्रिटिश जहाजांच्या क्रू लिस्टपैकी ७० टक्के आहेत आणि ते लोक हा नंबर विचारतात. लंडनच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे ५ या आकड्याने संपणाऱ्या वर्षांच्या आहेत, त्यातल्या १९१५ च्या सगळ्या नेटवर टाकल्यात, फुकट. मी तिथे गावाच्या नावाने शोधलं तर एका बोटीवर आमच्या खाडीच्या दोन्ही बाजूंची नावं रांगेने आली, वय, जन्मगाव, काम. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना दाखवली तर त्यांनी ओळखली की हा अमक्याचा आजा, हा तमक्याचा.

आणि यातच एक गोष्ट आहे जी लंडनच्या कुठल्या गाइडमध्ये लिहिलेली नाही. सारंग आपली माणसं स्वतः आणायचा, आपल्या गावची, आपल्या नात्यातली. म्हणून तुमच्या घरचा कागद हरवला असेल तर गावातल्या दुसऱ्या घरची नल्ली मागा, त्याच वर्षाची. ज्या बोटीवर शेजारी होता त्याच बोटीवर तुमचा माणूस असण्याची दाट शक्यता. गोव्याच्या लोकांचं थोडं वेगळं, ते बहुतेक सलूनला, म्हणजे स्वयंपाक आणि प्रवाशांची सेवा, आणि मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावागावांच्या कुडी होत्या, बोटीवरून उतरला की आपल्या गावच्या कुडीत राहायचा. तिथे अजूनही जुने लोक सापडतात, विचारायला जावं.

श्रीवर्धन_८१
बाणकोट_खाडी चाचा, तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो. आमचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात बोटीवर गेले आणि आलेच नाहीत, बोट कुठली ते पण माहीत नाही, नल्ली तर त्यांच्याबरोबरच गेली असणार. पणजीने शेवटपर्यंत वाट बघितली असं सांगतात. काही मार्ग आहे का?

बाणकोट_खाडी
आहे, बेटा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट उघडा, मेमोरियलमध्ये बॉम्बे १९१४-१९१८ निवडा. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे ना, तिथे हे स्मारक आहे, पहिल्या लढाईत समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त लोकांची नावं, रॉयल इंडियन मरीनची पण आणि कंपनीच्या बोटींची पण. ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही त्यांचं नाव तिथे. दुसऱ्या लढाईचं पण आहे, सहा हजारांच्या वर लोक, पण ती नावं पुस्तकात आहेत, त्या पुस्तकाची एक प्रत मुंबईला आणि एक चितगावला.

वेबसाइटवर नाव उघडलं की बोटीचं नाव, तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी खाली एक ओळ, अमुकचा मुलगा, अमुक हिचा नवरा, गाव, रत्नागिरी. त्या "हिचा नवरा" वरून ओळख पटते, कारण नाव आणि बापाचं नाव सारखं असलेले दहा सापडतात पण बायकोचं नाव जुळलं की संपलं. तुमच्या खापरपणजोबांच्या बायकोचं, म्हणजे खापरपणजीचं नाव आधी घरात नक्की करून घ्या, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. मग आडनाव न टाकता शोधा, फक्त गावाने शोधा, गावाचं स्पेलिंग इंग्रजांनी कानाला येईल तसं लिहिलंय. श्रीवर्धन तेव्हा जंजिरा संस्थानात होतं, ते पण टाकून बघा.

आणि सापडलं तर एकदा मशीद बंदरला जाऊन या. मी माझ्या आजोबांच्या भावासाठी गेलो होतो, पितळी पाटीवर नाव बघितलं आणि तिथेच फातिहा पढलो.

निवृत्त_टेलिग्राफिस्ट
राहिलेलं लिहितो, बंडाबद्दल. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या तलवारवर, म्हणजे सिग्नल स्कूलमध्ये, सुरू झालं, निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांच्या शिव्या, भेदभाव, आणि बाहेर आझाद हिंद सेनेच्या खटल्यांचं वातावरण, आणि २३ तारखेला संपलं. तोपर्यंत ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि २० हजार खलाशी त्यात आले होते असा आकडा सगळीकडे दिला जातो. म्हणजे त्या आठवड्यात मुंबईत नौदलात असलेला माणूस बंडात नव्हता असंच सिद्ध करणं अवघड! तुमचे आजोबा डलहौसीला, म्हणजे कॅसल बॅरॅक्सला, आणि २१ फेब्रुवारीला गोळीबार झाला तो तिथेच. बराकींना लष्कराने वेढा घातलेला, आतले खलाशी बाहेर पडायला लागले, गोळ्या सुटल्या, आतूनही उत्तर गेलं. ते त्या दिवशी रजेवर नसतील तर ते हे सगळं बघत होते.

पण "बंडात होते म्हणून काढलं" हे वेगळं आणि "युद्ध संपलं म्हणून सोडलं" हे वेगळं. युद्धाच्या सुरुवातीला आपल्या नेव्हीत जेमतेम १७००-१८०० खलाशी होते, शेवटी सगळे मिळून ३० हजारांच्या आसपास, आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या हजारोंना घरी पाठवलं. ज्यांना नुसतं सोडलं त्यांनाही पेन्शन नव्हती कारण तेवढी वर्षं भरली नव्हती. म्हणून सर्टिफिकेटवर शेवटच्या ओळीपुढे सोडण्याचं कारण काय लिहिलंय ते मला हवंय. रिलीज किंवा रिडक्शन असेल तर सर्वसाधारण कपात. डिस्मिस्ड असेल तर शिक्षा. आणि शेवटचा व्ही.जी., म्हणजे व्हेरी गुड, दिलाय का तेही बघा, चारित्र्याचा शेरा शेवटच्या वर्षी घसरला असेल तर ती खूण आहे.

अक्षर पुसट असेल तर सर्टिफिकेट दुपारच्या तिरप्या उन्हात धरून फोटो काढा, दाबून लिहिलेलं वर येतं. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका. चांगले चांगले कागद लोकांनी लॅमिनेट करून घालवलेत, ते परत कधी काढता येत नाही. पदकांना पितांबरी किंवा चिंच लावू नका. भारतीय लोकांच्या पदकांवर नाव कोरलेलं असायचं, गोल पदकाच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीमागे, ते भिंग घेऊन वाचा. घासलं की जातं. नाव, पद, आर.आय.एन. असं मिळालं आणि ते सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळलं तर दोन्ही एकाच माणसाचे हा तुमचा एक पुरावा.

मोडीवाचक_पुणे
धागा वाचतोय, फार आनंद होतोय. एक छोटी भर. इथे काही जण मला व्यक्तिगत निरोप पाठवून विचारतात की आमचे पूर्वज कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात होते, नाव कुठे मिळेल. त्या काळासाठी लंडनची रजिस्टरं नाहीत. कुठे काही असेल तर मोडी कागदांत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तुमच्या घरच्या सनदांमध्ये, गावच्या इनामाच्या कागदांत. आरमाराच्या कागदांत सरदार, तांडेल, गलबतांचा खर्च, दारूगोळा हे येतं, साध्या खलाशाचं नाव क्वचित. त्यामुळे इनाम किंवा वतन मिळालेलं घराणं असेल तरच हाती लागण्याची आशा जास्त. मोडी घरबसल्या शिकता येते, काही महिने रोज थोडं वाचलं तर सहज वाचू लागता. घरात जुना मोडी कागद असेल आणि वाचता येत नसेल तर फोटो टाका, वाचून देईन.

देवगडचा_नातू
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी दोन दिवस नेट नसलेल्या ठिकाणी होतो. टेलिग्राफिस्ट काका, तुम्ही सांगितलं तसं तिरप्या उन्हात बघितलं. पदाच्या रकान्यात बॉय, मग ऑर्डिनरी सीमन, मग एबल सीमन असं आहे, आणि बाजूला गनरीचं काहीतरी लहान अक्षरात आहे. गोल पदकाच्या कडेवर नाव आहे हो! आजोबांचं आणि पणजोबांचं, पुढे ए.बी. (एबल सीमन), आर.आय.एन. वडिलांना भिंगातून दाखवलं, ते बराच वेळ पदक हातातून सोडत नव्हते.

आणि शेवटच्या ओळीपुढे जे पुसट होतं ते "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" असं आहे. शेवटच्या वर्षाच्या व्ही.जी.च्या जागी नुसतं गुड आहे. याचा अर्थ काय घ्यायचा? वडील म्हणतात घरातली गोष्ट खरी ठरली, मला घाई करायची नाहीये.

निवृत्त_टेलिग्राफिस्ट
घाई करत नाही ते फार चांगलं. "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" हा साधा कपातीचा शेरा नाही, नको असलेल्या माणसाला कोर्ट मार्शल न करता बाहेर काढायचा हा मार्ग होता, आणि बंडानंतर तो वापरला गेला. जुलै १९४६ ची तारीख आणि व्ही.जी. वरून गुड, हे तिन्ही मिळून दिशा तीच दाखवतात. पण हाच शेरा दुसऱ्या कारणांनीही मिळायचा, म्हणून आता एका कागदावर थांबू नका.

तीन ठिकाणी लिहा. एक, नौदलाचं ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्दला चीता कँपमध्ये, खलाशांचे सर्व्हिस रेकॉर्ड तिथे असतात, १९४७ आधीचं सगळं टिकलेलं नसतं पण विचारल्याशिवाय कळत नाही. दोन, तुमच्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय, आणि जिल्हा तेव्हा एकच होता म्हणून रत्नागिरीच्या कार्यालयालाही, माजी सैनिकांच्या जुन्या नोंदवह्यांत आजोबांनी नाव नोंदवलं होतं का ते विचारा. तीन, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, नोंदणी फुकट, तिथे रॉयल इंडियन नेव्ही, म्युटिनी, १९४६ असं शोधा. सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला होता, त्याचे कागद बघायला हवेत, कारण कॅसल बॅरॅक्सच्या त्या दिवसाबद्दल त्यात बरंच आहे. आणि घरात विचारा की आजोबांनी किंवा आजीने स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी कधी अर्ज केला होता का. १९४६ चं नाविक बंड त्या केंद्राच्या योजनेत धरलेलं आहे, आणि अर्ज केला असेल तर त्यांच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेली हकिकत कुठल्या तरी फाइलमध्ये पडलेली असेल, मंजूर झाला असो वा नसो.

अर्जासोबत सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पदकाच्या कडेचा फोटो, आजोबांचा मृत्यूचा दाखला, आणि वडिलांचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद, जुनं रेशन कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. अर्ज वडिलांच्या सहीने करा, मुलाच्या अर्जाला नातवापेक्षा लवकर उत्तर येतं असा माझा अनुभव आहे. नाव सर्टिफिकेटवर जसं आहे अगदी तसंच लिहा, स्पेलिंगसकट, आणि आडनाव खाली वेगळ्या ओळीत द्या.